म्वालिमूचं गोल पुस्तक

अबूधाबीच्या खलिफा सिटीतल्या एका शाळेच्या सुपरवायझर मॅडमनी म्वालिमूला फसवलं. आठवड्यासाठी म्हणून तिचं पुस्तक मागून नेलं, ते उसवलं, पानं सुटी करून काचेच्या फ्रेममध्ये घातली आणि शाळेच्या रिसेप्शनच्या भिंतीवर लावली. खाली पितळेची पाटी ठोकली: आमच्या विद्यार्थ्यांची कला. त्यातलं एकही मूल त्या शाळेचं नाही. सगळी दुबईतल्या करामाची. एक माझी.

हे मी आधी सांगून टाकते. दुकानातही मी भाव आधी सांगते आणि माल नंतर दाखवते, म्हणजे ज्याला जायचं त्याला लगेच जाता येतं.

माझं दुकान कॉस्च्युमचं. शाळांचं गॅदरिंग, नॅशनल डे, इंटरनॅशनल डे, फॅन्सी ड्रेस, सगळं माझ्याकडून जातं. श्रीवर्धनच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन इथे आले तेव्हा एका फ्लॅटमध्ये तीन कुटुंबं राहत होतो. शिलाई मशीन पलंगाखाली. दिवसभर साड्यांना फॉल लावायचे. आता पुढे दुकान आहे, मागे शिवणाची खोली आहे, व्हॅन आहे आणि ती व्हॅन चालवणारा नवरा आहे. तो म्हणतो, मालकीणबाई मिळाली म्हणून व्हिसाला जामीन राहणारा कफील शोधावा लागला नाही. म्हणू दे. कोणी हात धरून मला वर आणलेलं नाही, त्यामुळे कोणी टोपी घालून गेलं की मला झोप लागत नाही. माझा राग वाईट आहे हे देऱ्याच्या बाजारातल्या सगळ्या होलसेलवाल्यांना ठाऊक आहे.

म्वालिमूचा पहिला फोन आला तेव्हा ती हिंदीत म्हणाली, "कल तीन बजे आऊँगी." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी शटर उचलायला गेले तर एक उंच, काळी, धिप्पाड बाई पायरीवर बसलेली. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या. सोबत चाकांची बॅग, तिचं एक चाक गेलेलं.

"तीन बजे बोला था ना," मी म्हटलं.

"तीन ही बजे हैं." तिने मनगट पुढे केलं. घड्याळात खरंच तीन वाजले होते.

मोंबासाला, तिच्या गावी, दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सूर्य उगवून तास झाला की एक वाजतो, आणखी एक तास गेला की दोन. मी म्हटलं हा काय वेडेपणा. ती म्हणाली, "सुबह सूरज के साथ दिन चालू होता है. आधी रात को दिन कौन चालू करता है? चोर?"

पुढे कळलं, शाळेत ती शाळेच्याच घड्याळाने जायची, बस शाळेच्या घड्याळाने पकडायची, पगारवाल्यांच्या वेळेत कधी चूक करायची नाही. हे दुसरं घड्याळ फक्त आपल्या माणसांसाठी होतं. पहिल्याच फोनला तिने मला आपलं माणूस कशावरून धरलं, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

त्या दिवशी तिला खलिफा सिटीच्या त्या शाळेने पाठवलं होतं, इंटरनॅशनल डेचे ड्रेस बघून ये म्हणून; तिथे ती आर्ट शिकवायची. मी रॅकवरून पॅकेट काढून दिलं. त्या काळी माझ्याकडे देशांची पॅकेटं तयार असायची. जपान, मेक्सिको, स्पेन, आणि आफ्रिका. आफ्रिकेच्या पॅकेटात बिबट्याच्या ठिपक्यांचं एकखांदी कापड, गवताचा घागरा आणि हाडांची प्लॅस्टिकची माळ.

"यह कहाँ का कपड़ा है?"

"आफ्रिका."

"आफ्रिका में कहाँ?"

मी गिऱ्हाइकासमोर कधी अडत नाही. म्हटलं, "पूरा आफ्रिका."

ती स्टुलावर बसली. बसली म्हणजे स्टूल कुरकुरलं. "तो मेरा नाप लो," ती म्हणाली. "मैं भी पूरा आफ्रिका से हूँ."

मला राग आला. एक तर नऊ वाजता तीन म्हणून येते आणि वर माझ्याच दुकानात माझी फिरकी घेते. ते तिला दिसत होतं, तरी तिने विचारलं, "इंडिया का पैकेट है?" होतं. तिने उघडलं. तयार फेटा, चिकटवायच्या मिश्या, मुलीसाठी चमकीचा घागरा. "तुम्हारे गाँव में यह पहनते हैं?"

"आमच्या गावात कोणी असलं घालत नाही," मी मराठीतच ओरडले. "आमच्या गावात माझे नाना लुंगी आणि बनियन घालून बोटीवर जायचे."

मराठी तिला येत नव्हती. पण ती म्हणाली, "हाँ." एवढंच. त्या एका "हाँ"ने मला पुढचे दोन दिवस चैन पडू दिलं नाही.

तिने ड्रेस काही घेतला नाही. जाताना शिवणाच्या खोलीत डोकावली आणि कतरनीच्या पोत्याकडे बोट दाखवलं. कपड्यांचे उरलेले तुकडे, पट्ट्या, लेसची टोकं. हे मला दे म्हणाली. मी फुकट काही देत नाही, कतरनसुद्धा नाही. मी म्हटलं, बदल्यात काय? तिने दुकानात नजर फिरवली. माझी मुलगी सना काउंटरच्या खाली बसून आयपॅडवर काहीतरी चिरडत होती.

"इसको दो," ती म्हणाली. "हर शनिवार."

सौदा मला बरा वाटला. ट्यूशनवाले किती घेतात ते मला माहीत होतं.

असा आमचा शनिवार सुरू झाला. अबूधाबीहून बसने यायची, मेट्रोने करामापर्यंत, तिथून ती तीन चाकांची बॅग फरफटवत. बॅगेचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की शेजारचा मल्याळी चहावाला आलं जास्त घालून कडक ठेवायचा. बॅगेत चित्रांची पुस्तकं. मी एकदा उचलून बघितली, तर दोन बोटं बधिर झाली. सनाच्या मागून बिल्डिंगमधली मुलं येऊ लागली. वसईच्या एका कॅथलिक कुटुंबाची जुळी पोरं, केरळची एक, एक पाकिस्तानी टेलरचा मुलगा, बघता बघता शिवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. मुलं तिला म्वालिमू म्हणायची. तिच्या भाषेत मास्तरला म्वालिमू म्हणतात. आमच्या गावातल्या मदरशात मुअल्लिम असायचे, ते हेच, हे कळलं तेव्हा मला उगाच ती ओळखीची वाटायला लागली. ती मात्र मला "दादा" म्हणायची, कारण त्यांच्यात बहिणीला दादा म्हणतात. भर बाजारात ती "दादा, दादा" हाका मारत माझ्यामागे यायची आणि दुकानदार मला नीट निरखून बघायचे.

पुस्तक वाचायची तिची पद्धत उलटी होती. शेवटच्या पानापासून सुरुवात. खालची अक्षरं कापडाच्या पट्टीने झाकायची, आणि मुलांना सांगायची की आधी बघा, वाचायला आयुष्य पडलं आहे. राजा जेवतो आहे असं चित्र असलं तर राजाबद्दल एक अक्षर बोलायची नाही. विचारायची, हे जेवण कोणी रांधलं? ती बाई चित्रात का नाही? ती आता कुठे असेल? मग मुलं त्या रांधणाऱ्या बाईचं चित्र काढायची. राजा बसला तसाच.

आणि तिचा एक शब्द होता, "किसका?"

मुलाने घर काढलं. "किसका?"

"ॲन आफ्रिकन हाउस, म्वालिमू."

"किसका?"

"अ मॅन्स हाउस."

"किसका?"

मूल रडकुंडीला यायचं, मग पुस्तकातलं नाव आठवून एकदम म्हणायचं, "इट्स फातुमाज आंटीज हाउस. शी सेल्स फिश." तेव्हा ती मान डोलवायची आणि त्या घराला दार काढून द्यायची. तिच्या किनाऱ्यावर घराची दारं कोरीव असतात, भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या. ते दार काढायला ती शिकवायची तेव्हा मुलं कागदाला नाक लावून बसायची. झाड काढलं तर कुठलं झाड, नाव सांगा. नाव नसलेलं काहीही कागदावर यायचं नाही. आफ्रिका हा शब्द तर तिच्या तासाला जवळजवळ बंदच होता. सना एकदा तो बोलली तर म्वालिमूने दार उघडून बाहेर बघितलं, आणि म्हणाली, "कहाँ? मुझे तो नहीं दिखा."

मी मशीनवर बसून ऐकायचे. मला शिकायचं नव्हतं, ऑर्डरी होत्या. पण कानावर पडतं. घानामध्ये पुरुष हाताएवढ्या अरुंद पट्ट्या विणतात आणि त्या एकमेकींना शिवून मोठं वस्त्र करतात, हे ती मुलांना कतरनीच्या पट्ट्या देऊन शिकवत होती. मी उठले आणि म्हटलं, असं नाही शिवायचं, गोळा होईल. पट्टीचा ताण सारखा हवा. त्या दिवशी शिवणाचा तास मीच घेतला. दुसऱ्या एका शनिवारी झिंबाब्वेतल्या जुन्या दगडी भिंतींचं चित्र निघालं, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. मी म्हटलं, यात काय, आमच्याकडे प्रत्येक परसाला असा गडगा असतो. म्वालिमू म्हणाली, "बनाकर दिखाओ." मी काढला नाही. मी आयुष्यात चित्र काढलं नव्हतं.

पण ती माझे नाना, म्हणजे माझ्या आईचे वडील, विसरली नव्हती. पहिल्या दिवशी मी मराठीत ओरडले होते त्यातला "नाना" आणि "बोट" तिने बरोबर उचलून ठेवले होते. कधीतरी तिने विचारलं, "तुम्हारा नाना, बोट, कहाँ जाता था?"

"जंगबार. मोंबासा. लवंगा घेऊन यायचे."

तिने हातातला कप खाली ठेवला. तिचे आजोबा मोंबासाच्या गोदीत हमालांचे मुकादम होते. "तब तो पक्का," ती म्हणाली. "मेरे नाना ने तुम्हारे नाना को गाली दी होगी."

"माझ्या नानांनी आधी दिली असेल," मी म्हटलं. "आम्ही उधार ठेवत नाही."

ती इतकी हसली की मुलं हातातलं टाकून बघायला आली. मग तिने माझ्यासमोर कॅनव्हासचा तुकडा ठेवला. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, यल्ला, चल लवकर. मी म्हटलं माझ्याकडे वेळ नाही. ती उठून माझ्या मशीनची सुई काढून खिशात घालून बसली. सुई परत मिळावी म्हणून मी नानांची होडी काढली. निळ्या अस्तराचा समुद्र, तपकिरी डेनिमची होडी, वर लुंगीतले नाना. नानांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणून मी त्यांना पाठमोरं काढलं.  यावेळी तिने "किसका?" विचारलं नाही.

त्यातून पुस्तक निघालं. मुलांनी कापडावर चित्रं केली होती, रंगवलेली, चिकटवलेली, टाचलेली. फातुमाच्या मावशीचं घर, राजाला जेवण रांधणारी बाई, घानाच्या पट्ट्या, मातीच्या रंगाने रंगवलेलं माली देशाचं कापड, मोठ्या डोळ्यांची इथिओपियाची चित्रं. म्वालिमू म्हणाली, शिव. मी विचारलं, पहिलं पान कुठलं? ती म्हणाली, नाही. शेवटचं? तेही नाही. पानाला पान जोडत जायचं आणि शेवटचं टोक पहिल्याला शिवून टाकायचं. उभं केलं की मोठं कडं तयार होईल, मुलं आत बसतील, आणि आतून बघतील. सुरुवात आणि शेवट जिथे जुळतात तिथे तिने माझी होडी ठेवायला लावली. एका बाजूला तिच्या किनाऱ्याचं दार, दुसऱ्या बाजूला सनाने काढलेली आमची करामाची गल्ली, मध्ये होडी.

मी ते दुहेरी धाग्याने, हाताने शिवलं. मशीनचा टाका तिला नको होता. माझा हाताचा टाका थोडा तिरका पडतो, फॉल लावायची जुनी सवय. तो मी गर्दीत ओळखते.

पुस्तक कुठे जाणार हेही ठरलं होतं. मोंबासाजवळ तिची बहीण एका लहान शाळेत शिकवते. सुट्टीत म्वालिमू ते घेऊन जाणार, तिथली मुलं एका ठिकाणी टाके सोडून आपली पानं घालणार, पुन्हा शिवणार, आणि ते मोठं होऊन परत येणार. करामाची मुलं तिथल्या मुलांना फोनवर बघून झाली होती. कोणाचं पान कोणाच्या शेजारी यावं यावरून त्यांची भांडणंही झाली होती. पाकिस्तानी टेलरचा मुलगा तिथल्या एका मुलीशी पानाच्या जागेसाठी असा काही सौदा करत होता की मला त्याचा अभिमान वाटला.

तेवढ्यात शाळेचा हेरिटेज वीक आला. सुपरवायझर मॅडम ठाण्याच्या. आवाज मधाचा. म्वालिमूकडून पुस्तकाबद्दल ऐकून स्वतः माझ्या दुकानात आल्या. "ताई, किती गोड काम केलंय हो तुम्ही लोकांनी. आम्हाला फक्त एक आठवडा डिस्प्लेला द्या. मुलं बघतील. लगेच रिटर्न." म्वालिमूने हो म्हटलं होतं, म्हणून मी पुस्तक दिलं. बोलता बोलता मॅडमनी ऑर्डरही दिली. बिबट्याच्या ठिपक्यांचा एक ड्रेस, पण ॲडल्ट साइझ. उंच बाईचा.

"कोणासाठी?"

"स्टाफपैकी एक आहे. गेटवर वेलकमला उभं राहायचंय. ढोल पण आहे."

त्या शाळेच्या स्टाफमध्ये उंच बाई एकच होती. मी म्हटलं, मॅडम, हा ड्रेस मी शिवणार नाही. मी ऑर्डर नाकारल्याचं ऐकून नवऱ्याने व्हॅनमधून उतरून माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मॅडम गोड हसल्या आणि तो ड्रेस देऱ्यातून तयार घेऊन गेल्या.

मी म्वालिमूला फोन केला. नको जाऊ म्हटलं, आजारी पड. ती म्हणाली, "दादा, मैं जाऊँगी. तुम भी आना. तीन बजे."

शाळेच्या मुलांचे इतर ड्रेस द्यायचे होतेच, म्हणून मी नऊला गेले. गेटबाहेर रांग लागलेली. आईबाप, आजी-आजोबा, सगळे उन्हात. म्वालिमू गेटमध्ये उभी. आपल्या लांब झग्यावरून तिने ते बिबट्याचं कापड चढवलं होतं, ढोल जमिनीवर ठेवून त्यावर एक हात टेकवला होता, दुसरा गेटच्या आडव्या दांड्यावर, आणि चेहरा परीक्षा घेणाऱ्याचा. समोर टाय लावलेले एक गृहस्थ.

"वेलकम, सर. यह कहाँ का कपड़ा है?"

"आफ्रिका," ते हसले.

"आफ्रिका में कहाँ?"

ते पुन्हा हसले. ती हसली नाही. तिने गेटच्या दांड्यावरचा हातही काढला नाही. शेजारचा सिक्युरिटी गार्ड युगांडाचा, तो त्यांच्या कानाशी हळूच म्हणाला, "से युगांडा, सर. प्लीज." त्यांनी युगांडा म्हटलं. म्वालिमू गार्डकडे वळली. "तुम्हारे घर में यह पहनते हैं?"

"माय ग्रँडमदर विल बीट मी," गार्ड म्हणाला.

"गलत," म्वालिमूने गृहस्थांना सांगितलं. "सोचकर आइए." ते बाजूला झाले आणि फोनवर शोधू लागले. त्यांच्या मागची बाईही शोधू लागली. रांग वाढली. मुलं मात्र खूश. एकाने केनिया म्हणून बघितलं, एकाने इजिप्त, एकाने ब्राझील. मॅडम आतून धावत आल्या आणि दातातल्या दातात म्हणाल्या, "व्हॉट इज धिस? जस्ट प्ले द ड्रम."

"वन मिनिट, मॅडम. क्लास चालू है."

माझी पाळी आली. हातात ड्रेसचे गठ्ठे. तिने मलाही सूट दिली नाही. "दादा, यह कहाँ का कपड़ा है?"

मी कापड दोन बोटांत धरून बघितलं. "देरा का है. चीन से आता है, मीटर पे. किसी देश का नहीं है."

"पास," ती म्हणाली, आणि दांडा उचलला. माझ्यामागून सगळी रांग आत गेली.

आत त्यांनी पुस्तक उभंसुद्धा केलेलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या सिंहाखाली घडी घालून ठेवलेलं. म्वालिमूने ते बिबट्याचं कापड काढलं, घडी करून मॅडमच्या हातात दिलं, पुस्तक उलगडून हॉलच्या मधोमध उभं केलं आणि आत जाऊन बसली. थोड्या वेळात तिथे इतकी मुलं शिरली की बाहेरून फक्त कापड हलताना दिसत होतं.

त्याची किंमत तिला मोजावी लागली. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. आर्टची पोस्टच नाही, असं सांगितलं.  तिला फक्त पुस्तक हवं होतं. आठवडा झाला, महिना झाला. आज इन्व्हेंटरी आहे, उद्या चावी नाही, परवा इन्शाल्ला. शेवटी चारची वेळ दिली. मी तिला व्हॅनमधून घेऊन गेले. चारच्या आधी आम्ही रिसेप्शनला बसलो होतो, साडेपाचला आम्हाला सांगितलं मॅडम गेल्या. नंतर मॅडमनी सगळीकडे काय पसरवलं? "अहो, तिच्या घड्याळाचा काय तो गोंधळ, ती आलीच नाही." मी शेजारी बसले होते. माझं घड्याळ साधं आहे.

म्वालिमू जूनमध्ये गेली. एअरपोर्टवर तिची बॅग पहिल्यांदाच हलकी होती, पुस्तकं तिने मुलांना वाटली होती. मुलांनी विचारलं, आता मोंबासाची मुलं पान कुठे लावणार? ती माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "दादा, तुम सौदा अच्छा करती हो." एवढंच बोलली आणि आत गेली. काम सोपवल्यासारखं.

सुट्टीनंतर ॲन्युअल डेची ऑर्डर घ्यायला मी त्या शाळेत गेले. रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेमची रांग. काचेमागे फातुमाच्या मावशीचं घर. काचेमागे सनाची गल्ली. आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची तिरकी ओळ. माझा टाका. कोणीतरी ब्लेडने कापून धागा ओढून काढला होता. भोकं काढता आली नव्हती.

मॅडम आल्या. "ताई, किती छान दिसतंय ना? प्रोफेशनल फ्रेमिंग केलंय."

"किसका?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"हे कोणाचं आहे, मॅडम?"

"स्कूलचं. ती आमची एम्प्लॉयी होती. एम्प्लॉयी जे बनवतो ते स्कूलचं असतं, ताई. पॉलिसी आहे."

"कापड माझं, सुई माझी, खोली माझी, वार शनिवार, मुलं करामाची. यात तुमचं काय, तेवढं दाखवा."

"तुम्ही आवाज चढवू नका."

"अजून चढवलेला नाही."

मी एक एक फ्रेम बघत गेले. होडी नव्हती. पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. दार होतं, गल्ली होती, मधली होडी नव्हती.

"ते बोटीचं?" मॅडम म्हणाल्या. "ते थीममध्ये बसत नव्हतं. आफ्रिकेत लुंगीवाला इंडियन कसा? पॅरेंट्स कन्फ्यूज होतील. खलास, जाऊ द्या ना ताई. फ्रेमचे तीस दिरहम लागले एकेकीला, सातशे रुपये. एवढा खर्च आम्ही केलाच ना?"

ॲन्युअल डेच्या ऑर्डरचा कागद मी तिथेच टेबलावर ठेवला आणि ऑर्डर न घेता परत आले. वर्षातली मोठी ऑर्डर होती. नवऱ्याने यावेळी कपाळाला हात लावला नाही, व्हॅन सुरू केली.

आता माझ्या दुकानात आफ्रिका नावाचं पॅकेट मिळत नाही. घाना मिळतं, केनिया मिळतं, इथिओपिया मिळतं, प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि धंदा आधीपेक्षा बरा आहे. गिऱ्हाइकाने नुसतं आफ्रिका मागितलं तर सना आत बसून ओरडते, "व्हेअर?" मुलांनी मोंबासाच्या मुलांना सांगून ठेवलं आहे की तुमच्या पानांची जागा राखलेली आहे. म्हणून हे मिटवून टाकायचं मला जमणार नाही. मुलांनी दिलेला तो शब्द आता मला पाळायचा आहे.

माझी मागणी छोटी आहे आणि त्यात घासाघीस नाही. माफी नको, पाटीवर नाव नको. पानं परत द्या, सगळी. भोकं आहेत तिथेच आहेत, मी त्यातूनच पुन्हा धागा घालीन आणि मोंबासाला स्वतः घेऊन जाईन. आणि त्याआधी मॅडमनी माझ्यासमोर उभं राहून दोन गोष्टी सांगायच्या: टाके कोणाच्या हाताने कापले, आणि माझे नाना कुठे आहेत. दुकान करामात आहे, सगळ्यांना माहीत आहे. रोज म्वालिमूच्या घड्याळाने तीन वाजता उघडतं. मी दारातच उभी असते. या, आणि उत्तर द्या.